चाकाच्या आतलं

बैलगाडीच्या चाकाचं एक बरं असायचं. त्याचं दुखणं अख्ख्या गावाला ऐकू जायचं. वंगण संपलं की गाडी अशी कुरकुरायची, की शिवारातून येणारी गाडी कुणाची आहे हे घरात बसून सांगता यायचं. वाटेवर बसलेलं एखादं म्हातारं हटकायचंच, "आरं, बैलाचा जीव घेतोस काय? वंगण घाल त्या चाकाला." गाडीच्या बुडाला वंगणाचं नळकांडं लटकवलेलं असायचं. खीळ काढायची, चाक जरा बाहेर ओढायचं, आसाला वंगण फासायचं, चाक आत ढकलायचं, खीळ परत मारायची. लहान पोरालाही जमणारं काम. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि कुणी लपवू म्हटलं तरी लपत नव्हतं.

मोटारीच्या चाकाचं तसं नाही. तिथं जे फिरतं ते हबच्या पोटात, सील आणि टोपणाच्या आड असतं. गाडीत बसणाऱ्याला ते दिसत नाही, चालवणाऱ्यालाही नाही. ज्यानं शेवटचं टोपण ठोकून बसवलं, त्या मिस्त्रीलाच ठाऊक, की आत काय घातलंय. माझ्या आयुष्याची एकवीस वर्षं असली टोपणं काढण्यात आणि ठोकण्यात गेली, आणि त्या कामानं एक प्रश्न माझ्या मागं लावून दिला. जे दिसत नाही आणि कुणी विचारतही नाही, ते आपण होऊन सांगावं का? आणि ज्याला सांगितलं तो "चालतंय" म्हणाला, तर आपण मोकळे झालो का?

आमचं गाव माण तालुक्यातलं. पाऊस कमी, माणसं मुंबईला जास्त. दहावी झाली तसा मी सांताक्रूझला मामाकडं आलो. मामाचं गॅरेज कलिन्यात होतं. गॅरेज म्हणजे वर पत्रा, खाली ऑइल पिऊन काळी झालेली जमीन आणि दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा. डोक्यावरून विमानं जायची. विमानतळ उशालाच. चाकाचा आवाज ऐकायचा असला की मामा लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक हबला लावून मूठ कानाशी धरायचा, आणि विमान आलं की तसाच वाकलेला थांबून राहायचा. विमान गेलं की मला म्हणायचा, "आता फिरीव."

चाकाचं दुखणं ओळखायच्या त्याच्या रीती साध्या होत्या. वेगाबरोबर वाढणारा घुंघुं आवाज येतो, असं गिऱ्हाईक सांगायचं. तसा आवाज टायरचाही असतो. मग मामा गाडी चालवायला घ्यायचा आणि मोकळ्या जागेत स्टेअरिंग हळूच उजवीकडं, मग डावीकडं द्यायचा. उजवीकडं वळताना गाडीचा भार डाव्या चाकावर जातो. तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. परत आल्यावर जॅक लावून चाक उचलायचं, टायर वरखाली धरून हलवायचं. खडखडलं तर लगेच बेअरिंगला दोष द्यायचा नाही, कारण किंगपिन झिजली असली तरी चाक तसंच हलतं. मला ब्रेकवर पाय ठेवायला सांगायचा आणि पुन्हा हलवायचा. ब्रेक दाबल्यावर हलायचं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर दुखणं दुसरीकडं. एवढं झाल्याशिवाय तो पान्याला हात लावायचा नाही.

जुन्या गाड्यांच्या आणि जीपांच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगं असतात, आतलं मोठं, बाहेरचं लहान. त्यातले रोलर निमुळते असतात. ही निमुळत्या रोलरची कल्पना पुढं आणली ती अमेरिकेतल्या टिमकेन नावाच्या घोडागाड्या बनवणाऱ्या माणसानं, १८९८ साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. म्हणजे मोटारीच्या चाकातली ही वस्तू मुळात घोडागाडीवाल्याच्या डोक्यातून निघालेली. सरळ चालताना भार वरून येतो, वळताना बाजूनं येतो. सरळ रोलरला बाजूचा भार सोसत नाही, निमुळता दोन्ही सोसतो. हे मामानं मला पेल्यात पेला घालून दाखवलं होतं. टिमकेनचं नाव त्याला खोक्यावरून माहीत होतं, त्या माणसाची गोष्ट मी पुढं कधीतरी वाचली.

बेअरिंगला नंबर असतो, तो पोलादावर कोरलेला असतो. ३०२०५ असा नंबर असला तर शेवटच्या ०५ ला पाचानं गुणायचं, २५ मिलिमीटर हे आतलं भोक. हा हिशेब जगभर एकच. त्यामुळं गाडी बंद पडली, कारखाना बंद पडला, तरी नंबर मिळाला तर बेअरिंग मिळू शकतं, मग ते कुठल्या का मशीनसाठी बनलेलं असेना. हबचं आणि स्टब अॅक्सलचं मात्र तसं नाही. ते त्याच गाडीचं लागतं. आणि गाडी बनायची थांबली, की ते मिळायची एकच जागा उरते.

आमच्यासाठी ती जागा म्हणजे सीएसटी रोड. नव्या माणसाला वाटतं की हे बोरीबंदरचं सीएसटी. ते नव्हे. हे सेंट्रल साल्सेट ट्रामवे. १९२८ मध्ये तुर्भे-कुर्ल्याकडून अंधेरीकडं एक रेल्वे टाकली होती, ती सहा-एक वर्षांत बंद झाली, तिच्या जागेवरून हा रस्ता गेला आणि नाव तेवढं राहिलं. बंद पडलेल्या गाडीच्या नावाचा रस्ता आणि त्या रस्त्यावर बंद पडलेल्या गाड्यांचे अवयव. कलिन्याच्या बाजूनं कुर्ल्याकडं चालत गेलं की दोन्ही अंगाला दरवाजे, बोनेट, काचा, मीटर, गिअरबॉक्स टांगलेले आणि रचलेले दिसायचे. कुर्ल्यातच प्रीमियरचा कारखाना, जिथं फियाट बनायच्या, पुढं त्यांचीच पद्मिनी झाली. कुर्ल्यात जन्मायचं आणि कुर्ल्यातच खोलून विकलं जायचं, असं त्या गाडीचं नशीब. २००० च्या आसपास ती बनायची थांबली. टॅक्सीला मुंबईत २० वर्षांची मुदत. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटाला शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. मधल्या वर्षांत हजारो टॅक्सीवाल्यांनी गाड्या कशाच्या जोरावर चालवल्या, हे त्या रस्त्याला विचारावं.

आम्ही गावाकडची माणसं, आम्हाला जुन्या वस्तूची लाज कधी नव्हती. लुगडं विटलं की गोधडीत, गोधडी फाटली की पोतेऱ्यात. टायर झिजलं की त्याच्या चपला. ट्रकचा नाहीतर जीपचा टाकलेला अॅक्सल उसाच्या टायरगाडीला लागतो आणि बैलाच्या चालीनं कितीतरी वर्षं चालतो. आणि तुटकं बेअरिंग तर आमच्या लहानपणची सगळ्यात मोठी दौलत. एक फळी, पुढं एक, मागं दोन, झाली बेरिंगची गाडी. उतारावरून सुटली की ठिणग्या पडायच्या. त्यामुळं "जुना पार्ट म्हणजे पाप" असं कुणी बोललं की मला ते भरल्या पोटाचं बोलणं वाटतं. ज्या गाडीवर पाच माणसांचं जेवण चालतं तिचा दरवाजा नवा कशाला पाहिजे? जुना दरवाजा घाला, जुनी काच घाला, जुना डायनॅमो घाला. बंद पडला तर गाडी उभी राहील, एवढंच.

मामाची रेघ इथं होती. जे मोडलं तर गाडी उभी राहते, ते जुनं चालेल. जे मोडलं तर गाडी उभी राहत नाही, ते जुनं चालणार नाही. ब्रेक, स्टेअरिंग, चाक. मला ही रेघ फार वर्षं पुरली. पण कुठलीही रेघ कागदावर असते तेवढी जमिनीवर सरळ असत नाही.

एक जौनपूरकडचा टॅक्सीवाला होता, पद्मिनीवाला. त्याच्या डाव्या हबमध्ये बेअरिंगची बाहेरची रेस सैल झाली होती. हबचं घरच झिजलेलं, त्यामुळं नवं बेअरिंग घातलं तरी रेस आत फिरणार. यावर एक जुगाड आहे. पंच घेऊन हबच्या आतल्या अंगाला ठिपके उठवायचे, म्हणजे रेस घट्ट बसते. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश, आणि दोन-तीन महिन्यांत ते ठिपके घासून जातात. मामानं ते केलं नाही. सीएसटी रोडवर जाऊन मोडलेल्या टॅक्सीचा हब आणला, तो आला बेअरिंगसकट. नव्या बेअरिंगचा नंबर आमच्या दुकानदाराकडं नव्हता, येईल म्हणाला आठवड्यानं. टॅक्सीवाल्याला आठ दिवस घरी बसणं परवडणारं नव्हतं.

मामानं ती बेअरिंगं रॉकेलमध्ये धुतली. धुतल्यावर वाऱ्याच्या पाइपानं फिरवायची नसतात, कोरडा रोलर सुटून डोळ्यात जातो. फडक्यानं पुसून, उन्हात धरून, एकेक रोलर फिरवून पाहिला. रेसवर नख ओढलं. कुठं अडकलं नाही, कुठं निळसर रंग नव्हता. तापलेलं पोलाद निळं पडतं आणि मग त्याचा कडकपणा गेलेला असतो. जोडी एकमेकांचीच होती हेही पाहिलं, कारण एकाची रेस आणि दुसऱ्याचा कोन हे लग्न टिकत नाही. मग तळहातावर ग्रीस घेऊन रोलरांच्या मधून वर येईपर्यंत दाबून भरलं, सील नवं घातलं, चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग जरा मागं घेतला, कॉटर पिन नवी. हे सगळं झाल्यावर टॅक्सीवाल्याला समोर बसवून सांगितलं, "ये पुराना है. मेरे हिसाब से अच्छा है. लेकिन पुराना है. दस मील चलाके हब पे हाथ रखना. गरम लगा तो इधर आना. पंधरा दिन में एक बार दिखाना."

तो माणूस खरंच पंधरा दिवसांनी येत राहिला. नवं बेअरिंग आलं तेव्हा बदललं. मी मामाला विचारलं, "तुमीच म्हंता चाकाचं जुनं घालायचं न्हाय." तो म्हणाला, "त्यानं जुनं म्हणून घेतलंय. त्याचा कान तिकडं हाय."

हे वाक्य मला तेव्हा पळवाट वाटलं होतं.

मग २६ जुलै २००५ आला. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या माण तालुक्याला तेवढ्या पावसात दोन वर्षं काढता येतात. मिठी नदी कलिना-कुर्ल्यात घुसली, तळमजले बुडाले, आणि गाड्या जिथं होत्या तिथं पाण्याखाली गेल्या. आमच्या गॅरेजमध्ये पाणी छताच्या पत्र्याखाली वीतभर राहिलं होतं. त्या पाण्यात काय नव्हतं! पुढचे दोन महिने आम्ही नुसते हब खोलत होतो. टोपण काढलं की आत पिवळट, ताकासारखं झालेलं ग्रीस. ज्यांनी आठवड्याच्या आत गाड्या आणल्या त्यांची बरीच बेअरिंगं वाचली. ज्यांनी विम्याच्या कागदांत महिना घालवला, त्यांच्या रेसवर रोलर जिथं जिथं टेकून उभे होते तिथं तिथं करडे पट्टे उमटले होते, ठरावीक अंतरावर, शिडीच्या पायऱ्यांसारखे. पाणी तिथं साचून राहतं आणि पोलाद खातं. पॉलिश मारलं की पट्टा दिसेनासा होतो, खड्डा राहतो. मग प्रत्येक फेरीला रोलर त्या खड्ड्याच्या काठावर आपटतो, काठाचा एकेक पापुद्रा निघतो, पापुद्रा ग्रीसमध्ये फिरून दुसरा खड्डा पाडतो.

पुराच्या गाड्या मोडीत निघाल्या आणि त्यांचा माल कुठं आला असेल हे सांगायला नको. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी सीएसटी रोडवर बेअरिंगचा सुकाळ होता. धुतलेली, चकाकणारी, तेलाच्या कागदात गुंडाळलेली. काही तर नव्या खोक्यात. विकणारे सगळे लबाड होते असं मी म्हणणार नाही. त्यांतल्या कित्येकांचं स्वतःचं दुकान आणि घर पाण्यात गेलेलं. त्यांना समोर आलेला माल विकायचा होता, आणि घेणाऱ्याला स्वस्त पाहिजे होतं. "पुराचं आहे का?" असं विचारलं तर काहीजण सरळ हो म्हणायचे आणि भाव पाडायचे. विचारणारे थोडे होते.

२००६ च्या चैत्रात, शिंगणापूरच्या यात्रेच्या तोंडावर, माझे चुलते अण्णा मुंबईला आले. त्यांची वडापची जीप होती. वडाप म्हणजे काय हे आमच्या सातारा-कोल्हापूरकडं सांगावं लागत नाही. नऊ माणसांच्या जीपमध्ये सोळा बसवायची, दोघं मागं लोंबकळत, टपावर बोजा. यात्रेचे आठ दिवस म्हणजे वडापवाल्याचं अर्धं वर्ष. जीपची दोन्ही पुढची चाकं बोंबलत होती. अण्णांनी येता येताच सीएसटी रोडवरून चार बेअरिंगं घेतली होती आणि मामाकडं दिली. "पाव्हणं, एवढी घाला. वरिजिनल हायती. निम्म्यात मिळाली."

मामानं कागद सोडला, एक रेस उजेडात धरली, तिच्यावर नख ओढलं, मग माझा अंगठा धरून माझं नख ओढलं. नख अडकत होतं. बारीक, पण ठरावीक अंतरावर.

"पुरातली हायती," मामा म्हणाला.

"आसू द्या की. मला काय वर्षभर चालवायची हायती? यात्रा निघू द्या."

"मी घालणार न्हाय, अण्णा. नवी आणतो, पैसं सवडीनं द्या."

अण्णा गप्प बसले. मामाचे आधीचे पैसे त्यांच्याकडं होते, क्लचच्या कामाचे. नात्यातल्या माणसाची उधारी फेडता येत नसताना वर नवी उधारी करणं त्यांच्या जिवावर आलं होतं. ते म्हणाले, "मिंधं किती व्हायचं माणसानं? माझी जीप, माझा जीव. मी म्हंतोय ना घाला."

मामा म्हणाला, "जीप तुमची. सोळा जीव तुमचं न्हाईत."

बोलणं तिथंच तुटलं. मामी चहा घेऊन आल्या, तो तसाच राहिला. अण्णा बेअरिंगं पिशवीत घालून निघून गेले, आणि गावाकडं, कुठल्या तरी मिस्त्रीकडून, ती बसवून घेतली.

आता इथं मी काय सांगावं अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असेल, ते मला ठाऊक आहे. शिंगणापूरच्या चढावर चाक निखळलं, असं सांगितलं की गोष्ट सरळ होते. तसं काही झालं नाही. यात्रा पार पडली. जीप नंतरही दोन वर्षं धावली आणि पुढं विकली गेली. अण्णा प्रत्येक लग्नकार्यात मामाला चारचौघांत विचारायचे, "काय पाव्हणं, हायती का न्हाईत अजून चाकं जाग्यावर?" लोक हसायचे, मामाही हसायचा.

मला त्या हसण्याचा फार दिवस त्रास झाला. कारण अण्णांचा युक्तिवाद खोटा नव्हता. मामानं नकार दिला म्हणून जीप थांबली नाही. ती बोंबलणाऱ्या जुन्या बेअरिंगांवर गावापर्यंत गेली, आणि मग पुराच्या बेअरिंगांवर यात्रेत फिरली, आणि ती बसवली कुणीतरी घाईत, ज्यानं ग्रीस नीट भरलं की नाही देव जाणे. मामानंच निगुतीनं बसवली असती तर त्या सोळा जिवांना धोका कमीच झाला असता. मग नकारानं कुणाचं भलं झालं? मामाचे हात तेवढे स्वच्छ राहिले. आपले हात स्वच्छ राहावेत म्हणून दुसऱ्याच्या जिवाचा धोका वाढू द्यायचा, हा कसला धर्म? डॉक्टर असं म्हणाला की "मी हलकं औषध देणार नाही, दुसऱ्याकडं जा," आणि दुसरा भोंदू निघाला, तर आपण त्या डॉक्टरला पुरता चांगला म्हणू का?

उलट बाजूही तेवढीच खरी. "मी नाही केलं तर दुसरा करेल" हे वाक्य सगळ्या वाईट कामांच्या दारावर लिहिलेलं असतं. नकली खोकी छापणाराही तेच म्हणतो. आणि काही झालं नाही, यावरून काय ठरतं? दारू पिऊन गाडी हाकणारा रोज घरी पोचतो, म्हणून तो बरोबर ठरत नाही. बेअरिंग कधी जाईल याचा हिशेब खड्ड्याच्या खोलीचा, भाराचा, ग्रीसचा आणि नशिबाचा असतो. अण्णांना नशिबानं साथ दिली, त्या साथीची हमी मामाला त्या दिवशी कुणी दिली नव्हती. माणसाच्या करणीचा न्याय तो करताना त्याला जे कळत होतं त्यावरून करायचा, की पुढं जे घडलं त्यावरून? गावात सगळे दुसऱ्या रीतीनं करतात. कोर्टही बरंचसं तसंच करतं.

पण मला जास्त विचार करायला लावलं ते टॅक्सीवाल्यानं. त्यालाही जुनंच घातलं होतं. त्याच्याही टॅक्सीत परकी माणसं बसत होती, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग तिथं मामानं का घातलं आणि इथं का नाही? एक उत्तर सोपं आहे, तिथं रेस गुळगुळीत होती, इथं खड्डे होते. वस्तूतच फरक होता. पण तेवढंच असतं तर मामानं टॅक्सीवाल्याला एवढं समोर बसवून सांगितलं नसतं. "त्याचा कान तिकडं हाय" या वाक्यात त्याचं उत्तर होतं, असं मला आता वाटतं.

चाकाचं बेअरिंग हे सहसा दगा देत नाही. ते आधी गुणगुणतं, मग घुमतं, मग गरम होतं, मग खडखडतं. कित्येक आठवडे, कधी महिने आधी ते सांगत असतं. ज्याला माहीत आहे की आत जुनं आहे, तो ऐकतो, हात लावून बघतो, पंधरा दिवसांनी दाखवायला येतो. ज्याला नवं म्हणून दिलं, तो आवाज आला तरी टायरला दोष देतो, रस्त्याला दोष देतो, "बेरिंग तर नवंच घातलंय" म्हणून गाडी हाणत राहतो. म्हणजे खोटं बोलणारा नुसता पैशाला फसवत नाही, तो ऐकणाऱ्याचे कान बंद करतो. तोच खड्डा, तेच पोलाद, पण सांगून दिलं तर कमी धोक्याचं आणि लपवून दिलं तर जास्त. ग्रीस आणि सील जसं कामाचा भाग, तसं सांगणं हाही कामाचाच भाग, आणि ते न करता पैसे घेतले तर अर्धंच काम करून पुरे पैसे घेतले.

अण्णांचं काय, त्यांना तर माहीत होतं? होतं. पण त्यांनी ते आधीच कानाआड केलं होतं. "यात्रा निघू द्या" म्हणणारा माणूस हबवर हात ठेवायला थांबत नाही. मामानं त्यांच्या डोळ्यांत ते पाहिलं असावं. आणि पोरं घेऊन देवाला निघालेल्या बायामाणसांना विचारायला तर कुणीच जाणार नव्हतं. नऊच्या जागी सोळा बसतात तेव्हा त्या सोळांनी भाव विचारलेला असतो, चाक विचारलेलं नसतं. गरिबाला पर्याय नसतो म्हणून त्यानं मान्यता दिली असं धरणं सोयीचं आहे, आमचे वडापवाले, मिस्त्री, एसटीचे साहेब सगळेच तसं धरतात. मामानं धरलं नाही. त्याचं बरोबर होतं असं मी मानतो, पण अण्णांशी मामाचा पुढं पूर्वीसारखा घरोबा राहिला नाही, आणि अण्णा वारले तेव्हा मामा तिसऱ्या दिवशी पोचला, हेही मला त्याच खात्यावर लिहावं लागतं.

मामा आता नाही. कलिन्यातली ती जागाही नाही, तिथं इमारत उभी आहे. मी गावाकडं आलो, दहिवडीच्या रस्त्याला माझं दुकान आहे. ट्रॅक्टर, टेंपो, उसाच्या टायरगाड्या, आणि अजून जिवंत असलेल्या जुन्या जीपा. जुनं सामान मीही ठेवतो. मुंबईहून येतं, पुण्याहून येतं. चाकाची बेअरिंगं मी जुनी ठेवतो ती टायरगाडीपुरती, आणि मामा करायचा तसं प्रत्येकाच्या कडेवर लाल ऑइलपेंटचा ठिपका लावतो. ठिपका म्हणजे वापरलेलं. घेणाऱ्याला तोंडी सांगतोच, पण वस्तू पुढं कुणाच्या हातात जाईल ते आपल्याला कळत नाही, म्हणून ठिपका.

ठिपका पेट्रोलच्या फडक्यानं अर्ध्या मिनिटात निघतो. ते मला माहीत आहे, आणि ज्यांना काढायचा त्यांनाही माहीत आहे. परवा एकजण आला, टेंपोच्या पुढच्या चाकाला बेअरिंग पाहिजे होतं. टायरगाडीचं म्हणून बोलला, पण बाहेर टेंपो उभा होता आणि त्यात शाळेची पोरं होती. म्हणाला, "ठिपका न लावलेलं न्हाय का एखादं?" मी नव्याचा भाव सांगितला, आणि सवडीनं द्या म्हणालो. तो जरा वेळ खोक्याकडं बघत उभा राहिला. मग म्हणाला, "म्हसवडला बघतो," आणि गेला. टेंपो वळला तेव्हा डाव्या चाकाचा आवाज मला दुकानात ऐकू येत होता.